तिरका कागद

१

काजमावशींचं खरं नाव दुकानात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. तीस वर्षं त्या एकाच टेलरच्या दुकानात, खिडकीजवळच्या एकाच स्टुलावर बसून कोटांची काजं हाताने करत आल्या होत्या. मशीनचं काज वेगळं आणि मावशींचं वेगळं, हे ज्याला कळतं त्याला कळतं. बाकीचे बटण लावतात आणि चालू लागतात, त्यांच्याबद्दल मावशींची तक्रार नव्हती.

मग एका दुपारी दुकानाच्या दर्शनी काच अख्खीच्या अख्खी खाली आली आणि एक तुकडा त्यांच्या उजव्या मनगटात घुसला. जखम भरली. आत तुटलेली नस डॉक्टरांनी शिवली. "ती रोज एक मिलिमीटर वाढते," डॉक्टर म्हणाले. "बोटांपर्यंत पोचली तर संवेदना परत येईल. नाही पोचली तर नाही." तोवर अंगठा आणि शेजारची दोन बोटं असून नसल्यासारखी. सुई हातात आहे की सुटली, हे मान वाकवून बघावं लागे. काज बघून करायची गोष्ट नाही, ते बोटांनाच कळावं लागतं.

टेलरभाऊ भला माणूस. "सहा महिने तुमच्या स्टुलावर कुणाला बसू देत नाही," तो म्हणाला. "त्यानंतर मात्र मावशी..." चार महिने सरले होते, आणि मावशी रोज सकाळी उठल्या उठल्या अंगठ्याला चिमटा काढून बघत होत्या.

पत्रक मुलीने आणलं. एका जुन्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी शिशाची अक्षरं, हाताने जुळवायला शिकवतात, आठवड्यातून दोन संध्याकाळी, एकूण आठ वर्ग.

"इतकुसे असतात गं आई ते खिळे. एकेक उचलायचा. बोटांना तेवढाच व्यायाम."

"या वयात छापखाना काढू म्हणतेस?"

"काढ की. उद्घाटनाला मी येते."

मावशी हसल्या. हसण्यावारी नेलं तरी सोमवारी सहाच्या ठोक्याला त्या छापखान्याच्या पायऱ्या उतरत होत्या.

२

तळघरच म्हणायचं ते. रस्त्याच्या पातळीला दोन लांबट खिडक्या, त्यांतून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे नुसते पाय दिसत. घासलेटचा आणि शाईचा वास इतका मुरलेला की भिंती पिळल्या असत्या तर निथळला असता. शिकणारे तिघेच होते: मावशी, ग्रंथालयात काम करणारी एक चष्मेवाली बाई आणि लग्नपत्रिका स्वतःच छापायची हौस असलेला एक दाढीवाला.

मास्तर सत्तरीचे, वाळलेले, कानामागे पेन्सिल. आवाज मात्र खणखणीत.

"ही केस," त्यांनी एक उथळ लाकडी खोकं ओढून काढलं. "डोक्यावरचे नव्हेत. हे खण बघा. प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला. जास्त लागणारी अक्षरं हाताजवळ, कधीमधी लागणारी लांब. डोळा मजकुरावर ठेवायचा आणि हात केसमध्ये सोडायचा. हाताला केस पाठ झाली की तुम्ही जुळारी झालात."

डाव्या हातात धातूची पट्टी धरायची, तिला स्टिक म्हणतात. उजव्याने खिळे उचलून तिच्यात उलटे उभे करायचे. मावशींच्या बोटांतून पहिल्या तासात निदान वीस खिळे निसटले. दाढीवाला बिचारा वाकून वाकून वेचून देत होता.

शेवटी मास्तर सगळ्यांना कोपऱ्यातल्या ट्रेडलजवळ घेऊन गेले. ट्रेडल म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, शिलाई मशीनचा दांडगा थोरला भाऊच. एका बाजूला खिळ्यांचा साचा, समोर लोखंडी पाट. पाट उघडला की उजव्या हाताने कोरा कागद ठेवायचा, डाव्याने छापलेला काढायचा, आणि पाट मिटण्याआधी हात बाहेर. उघड, ठेव, धप्प. उघड, ठेव, धप्प.

"इथे एकच नियम," मास्तर म्हणाले. तो खणखणीत आवाज अचानक बसल्यासारखा झाला. "कागद तिरका पडला तर पडू दे. एक कागद वाया गेला, बस्स. सरळ करायला हात परत आत घालायचा नाही. हाताला ते आवडत नाही, सवय असते ना नीटनेटकेपणाची. तरी नाही घालायचा."

मावशींनी मान डोलावली. वाकडं पडलेलं सरळ करायचा हाताचा हट्ट त्यांना चांगला ठाऊक होता.

३

तिसऱ्या वर्गात हात सुटला.

प्रत्येकाने आपापली ओळ निवडली होती. मावशींची ओळ होती "हाताने काज करून मिळेल". स्टुलावर परत बसायचा दिवस आला की ही पाटी समोर लावायची, असं त्यांनी मनात धरलं होतं. कागद बघत, खण शोधत त्या अक्षरं उचलत होत्या. तेवढ्यात चष्मेवालीने काही विचारलं, मावशींनी तिच्याकडे वळून उत्तर दिलं, आणि बोलता बोलता त्यांना आवाज ऐकू आला. टिक, टिक, टिक, टिक. खिळे स्टिकमध्ये भराभर पडत होते.

त्यांनी मान वळवली. उजवा हात केसवर हिंडत होता. डाव्या टोकाला, मध्ये, वर, परत मध्ये. एकही खिळा निसटत नव्हता. त्यांनी बघितलं आणि हात थांबला.

"अहो मावशी, तुम्ही तर छुप्या रुस्तम निघालात!" दाढीवाला म्हणाला.

ओळीवर शाई फिरवून मास्तरांनी कागद दाबला. कागदावर कशाचा कशाला पत्ता नव्हता. अनुस्वार सुटे, मात्रा अधांतरी, तीन ळ एकापाठोपाठ. सगळे खळखळून हसले, मावशीही हसल्या. पहिल्यांदाच हात चालला होता. भलतंच का होईना, चालला होता.

चौथ्या वर्गात पुन्हा तेच झालं. बघून जुळवलं की हात लाकडासारखा, नजर काढली की टिक, टिक, टिक. पुन्हा निरर्थक ओळ. या वेळी मात्र चष्मेवाली हसली नाही. तिने मागच्या वेळचा कागद वहीत जपून ठेवला होता, तो काढून नव्याशेजारी धरला. ग्रंथालयातली बाई, तिला दोन प्रती ताडून बघायची सवयच.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "दोन्ही ओळी एकच आहेत. अक्षर न् अक्षर."

मास्तरांनी दोन्ही कागद तिच्या हातातून घेतले, दिव्याखाली धरले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग कसलीच घडी न घालता खिशात कोंबले.

४

घरी आनंदीआनंद होता. संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेल्या मावशींचा हात टेबलावर आपसूक चालत असे. चिमूट धरावी तशी तीन बोटं जुळायची, काहीतरी उचलायची, डावीकडे नेऊन ठेवायची.

"आई, बघ की! हात कसा चाललाय!"

मावशींनी बघितलं. हात चालत होता, पण त्यांनी त्याला चाल म्हटलं नव्हतं. आणि टेबलाचा थंडपणा त्यांना अजूनही लागत नव्हता. बसमध्ये शेजारी बसलेल्याच्या हाताकडे बघावं, तेवढंच त्यांचं त्या हाताशी नातं होतं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून बोटांना सुई टोचली.

"लागतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही हो."

मग त्यांनी टेबलावर टाचण्या पसरल्या आणि उचलायला सांगितल्या. हाताने त्या झटक्यासरशी उचलल्या, नुसत्या उचलल्या नाहीत तर डोकी एका बाजूला करून एका ओळीत मांडल्या. डॉक्टर खुर्चीत मागे टेकले.

"कमाल आहे. बोटांना कळत काहीच नाही आणि काम मात्र फक्कड. मग चालवतंय कोण?" असं म्हणून ते आपल्याच विनोदावर हसले.

बसस्टॉपवर उभ्या असताना त्यांनी स्वतःची समजूत घातली: तीस वर्षांची सवय, हाताला स्वतःची आठवण असते, डोकं नसलं तरी चालतं. समजूत चांगली होती. काजासाठी बोटं अशी चालली असती तर पुरलीही असती. पण ही काजाची चाल नव्हती.

५

पाचव्या वर्गाला चष्मेवाली आणि दाढीवाला यायच्या आधीच मास्तरांनी मावशींना बोलावून घेतलं होतं. भिंतीतल्या मांडणीच्या सर्वांत खालच्या कप्प्यातून त्यांनी एक केस ओढून काढली. खणांवर बोटभर धूळ होती, खिळे मात्र होते तसे भरलेले.

"मावशी, एक कराल? इकडे बघू नका. खिडकीकडे बघा आणि हात सोडा."

"काय जुळवू?"

"तुम्ही काहीच जुळवू नका."

मावशी खिडकीकडे बघत राहिल्या. रस्त्यावरून एक काळा बूट गेला, पाठोपाठ कुणाची छत्री टेकत गेली. टिक, टिक, टिक. आज आवाजात लय होती, कुठे अडखळ नव्हती. ओळ भरली. हाताने ती अंगठ्याने दाबून बघितली आणि दुसरी सुरू केली. दुसरीही भरली, आणि हात केसच्या कडेवर जाऊन निवांत टेकला.

मास्तरांनी स्टिक घेतली. उलटे खिळे ते सरळ छापील अक्षरांसारखे वाचू शकत, आणि त्यांनी ते वाचले. मग परत एकदा वाचले.

"काय आहे?" मावशींनी विचारलं. "परत तसलंच काहीबाही?"

"नाही." मास्तरांनी स्टूल ओढलं, पण उभ्यानेच ओळी वाचून दाखवल्या. "आमचे दुकान सोमवारपासून समोरच्या जागेत सुरू होत आहे. गिऱ्हाइकांनी नोंद घ्यावी."

"कुणाचं दुकान?"

"ते केव्हाच बंद पडलं. ही माझ्या दादाची केस, मावशी. थोरल्या भावाची. त्याने खण स्वतःच्या सोयीने लावले होते, सगळ्या जगाहून वेगळे. इथे दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही, माझासुद्धा नाही. तुमचा हात पहिल्यापासून बरोबरच जात होता. केस चुकीची होती."

वरून पायऱ्यांवर कुणीतरी उतरत असल्याचा आवाज आला. दाढीवाल्याची शीळ ऐकू येत होती.

"आणि हे दुकानाचं?" मावशींनी घाईने विचारलं.

"ते त्याचं शेवटचं काम. जुळवून झालं होतं. दोनशे पत्रकं छापायची होती, शंभरेक झाली." मास्तर ट्रेडलकडे न बघता बोलत होते. "एक कागद तिरका पडला आणि त्याने हात परत आत घातला. आधी हात गेला. आठ दिवसांनी दादा गेला. कागद तो ठेवत होता. पायडलवर पाय माझा होता."

६

पुढच्या वर्गाला मास्तर पायऱ्यांवरच आडवे उभे होते.

"आजपासून येऊ नका."

"का?"

"का ते तुम्हाला ठाऊक आहे."

मावशींना खरंच ठाऊक होतं आणि खरंच भीती वाटत होती. बसमधून येताना हाताने काय केलं ते त्यांनी बघितलं होतं. मांडीवर कोऱ्या कागदांचा गठ्ठा असावा तसं त्याने हवेत काहीतरी पंख्यासारखं फुलवलं होतं, कडा ठोकून सारख्या केल्या होत्या. खिळे उचलणं संपलं होतं. काम पुढे सरकलं होतं. तरी त्या पायरीवरून हलल्या नाहीत.

"मास्तर, माझं स्टूल आहे. दीड महिन्याने ते दुसऱ्या कुणाला मिळेल. हा हात चालला तो इथे चालला. इथून गेला तर माझ्याकडे राहिलं काय? पायडल काढून ठेवा हवं तर, पण मला येऊ द्या."

"पायडल कालच काढलंय," मास्तर म्हणाले.

मग मास्तर बाजूला झाले.

"या. पण शिकायला नाही. जुळवलंय ते सोडवायला या."

दादाच्या दोन ओळी अजून स्टिकमध्ये उभ्या होत्या. जुळवलेलं छापून झालं की खिळे ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे, तोवर काम संपलं म्हणायचं नाही, अशी रीत होती. दादाचा हात गेला त्या दिवशी धावपळीत ती राहून गेली असणार. साचा कुणी उचलला, कुणी मोडला, हे आता मास्तरांनाही आठवत नव्हतं.

मावशींनी उजवा हात ओच्यात ठेवला आणि डाव्याने एकेक खिळा मास्तरांच्या तळहातावर देत गेल्या. मास्तर प्रत्येक खण शोधून शोधून खिळा आत टाकत होते, पुटपुटत होते. दाढीवाल्याला आणि चष्मेवालीला त्यांनी पत्रिकेच्या साच्यावरची शाई धुवायला लावलं होतं. पाऊण तास लागला. शेवटचा पूर्णविराम मास्तरांनी स्वतः उचलला, जरा वेळ मुठीत धरला, मग खणात सोडला.

मावशींनी ओच्यातल्या हाताकडे बघितलं. तो पालथा पडला होता. त्यांनी त्याला हलायला सांगितलं आणि बोटं कशीबशी, थरथरत, पूर्वीसारखी हलली. ती त्यांनी सांगितल्यावरच हलली.

"गेला?" मास्तरांनी विचारलं.

"गेला वाटतं."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. मावशीही रडल्या, पण त्यांचं रडणं वेगळं होतं. हात त्यांचा त्यांना परत मिळाला होता, आणि तो कुचकामी होता.

७

पाच आठवडे काहीच घडलं नाही. हात गप्प होता. टेलरभाऊने एकदा निरोप पाठवला, चौकशी करतो म्हणून. मुलगी बोलायची तेव्हा जरा जास्तच हसून बोलायची. मावशी रोज सकाळी चिमटा काढत होत्या, आणि मुदत संपायला चार दिवस उरले असताना, न्हाणीघरात गरम पाण्याखाली, अंगठ्याच्या टोकाला मुंगी चालल्यासारखं झालं.

त्यांनी नळ बंद केला, परत चालू केला. मुंगी होतीच.

डॉक्टरांची खोली सकाळच्या उन्हाने भरली होती. मुलगी शेजारच्या खुर्चीत बसली होती, पर्स घट्ट धरून. डॉक्टरांनी मावशींचा हात टेबलावर पांढऱ्या रुमालावर उताणा ठेवला.

"डोळे मिटा. बोटांना काय लागतंय ते सांगायचं. घाई नाही."

मावशींनी डोळे मिटले. आधी काहीच नव्हतं. मग खरोखर आलं, तिन्ही बोटांच्या टोकांना एकदम, स्पष्ट, गार आणि गुळगुळीत. सहा महिन्यांत पहिल्यांदा. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"लागतंय! डॉक्टर, लागतंय! कागद आहे. कोरा कागद. त्याची कडसुद्धा लागते आहे."

मुलगी हुंदका देऊन हसली.

"मावशी," डॉक्टर म्हणाले, "मी अजून काहीच लावलेलं नाही. हातात काही नाही तुमच्या. नस जुळताना असे भास होतात कधीकधी. चांगलीच खूण आहे. थांबा, आता किल्ली ठेवतो."

पण कागद गेला होता. बोटांनी तो सोडला होता, आणि आता त्यांच्यावरून गार वारा गेला, जड काहीतरी मिटताना जातो तसा. मग मनगटापर्यंत एक हादरा. मग पुन्हा गार, गुळगुळीत, कोरा कागद.

"किल्ली लागते का?"

मावशींनी मान हलवली. किल्ली कुठे होती कुणास ठाऊक. कागद, वारा, हादरा. कागद, वारा, हादरा. लय सुरेख होती, सवयीच्या माणसाची. त्यांनी डोळे उघडले. हात रुमालावर उताणा पडला होता, तळव्यावर पितळी किल्ली, बोटं जराही हलत नव्हती. खोलीत घड्याळाशिवाय कसला आवाज नव्हता. त्यांनी डाव्या हाताने उजव्याचं मनगट पकडलं आणि स्वतःकडे ओढलं. हात निमूट आला. आतला हात तिथेच राहिला, कागद ठेवत.

"आई, काय होतंय? दुखतंय का?"

"नाही गं," मावशी म्हणाल्या. "अजून नाही."

कागद, वारा, हादरा. किती झाले ते त्यांनी मोजायचा प्रयत्न केला आणि तो सोडून दिला. मग एक कागद बोटांच्या टोकांवरून निसटला. एक कोपरा वर राहिला, एक खाली गेला. हात बाहेर आला होता, चांगला वेळेवर बाहेर आला होता. मावशींना ते अगदी नीट कळलं. काज तिरकं गेलं की कळायचं तसंच, बोटांनाच आधी.

"पडू दे," त्या म्हणाल्या.

"काय पडू दे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पडू दे रे दादा, पडू दे. एक कागद वाया गेला. पडू दे!"

मुलगी उठून उभी राहिली होती. रुमालावरची किल्ली चमकत होती. मावशींनी हात छातीशी घट्ट धरला, आणि त्यांना बोटांच्या टोकांना कागदाचा तो तिरका कोपरा पुन्हा लागला.